बास्केटबॉल सदृशीकरणातील सामना-योजना

बास्केटबॉल सदृशीकरणातील सामना-योजना : महाजालावर खेळल्या जाणाऱ्या बास्केटबॉल सदृशीकरणात मार्गदर्शकाने सामन्यापूर्वी ठरवावयाची आक्रमणाची, बचावाची, खेळाडूंच्या निवडीची व श्रमांच्या काटकसरीची एकत्रित आखणी म्हणजे सामना-योजना होय. सदृशीकरण अथवा सिम्युलेशन म्हणजे एखाद्या प्रत्यक्ष घटनेतील घटकांचे परस्परसंबंध गणिती नियमांत मांडून ती घटना संगणकावर पुन्हा घडवून आणणे. या खेळात भाग घेणारी व्यक्ती चेंडू हाताळत नाही. काल्पनिक खेळाडूंच्या एका संघाचे मार्गदर्शन तिच्याकडे असते व प्रतिस्पर्धी संघाचे मार्गदर्शन बहुधा दूरच्या, अपरिचित अशा दुसऱ्या व्यक्तीकडे असते. दोघांनीही आपापल्या योजना ठरलेल्या वेळेपूर्वी सादर केल्या, की संगणकाची आज्ञावली सामना घडवून आणते. अशा बऱ्याच खेळांत सामना सुरू झाल्यावर मार्गदर्शकाला काहीही करता येत नाही. त्यामुळे प्रत्यक्ष सामन्यात विश्रांतीच्या वेळी, खेळ थांबवून किंवा खेळाडू बदलून जे निर्णय घेतले जातात, ते येथे आधीच आणि अपुऱ्या माहितीवर घ्यावे लागतात. अनिश्चिततेतील निर्णय हाच या खेळाचा गाभा आहे.

पूर्वेतिहास : संगणक सर्वत्र उपलब्ध होण्यापूर्वी अशा प्रकारचे खेळ फासे व पत्ते यांच्या साहाय्याने खेळले जात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९५१ मध्ये एपीबीए व १९६१ मध्ये हॅल रिचमन यांचा स्ट्रॅट-ओ-मॅटिक हे बेसबॉलवर आधारित पत्त्यांचे खेळ विक्रीस आले. प्रत्यक्ष खेळाडूच्या कामगिरीचे प्रमाण पत्त्यावर नोंदवावयाचे व फाशांच्या दानानुसार त्याच्या खेळाचे फलित ठरवावयाचे, हे त्यांचे मूलतत्त्व होते. यादृच्छिक संख्यांच्या साहाय्याने गुंतागुंतीच्या प्रश्नांची उत्तरे काढण्याची ‘माँटे कार्लो’ पद्धती स्टॅनिस्लाव्ह उलाम व जॉन फोन नॉयमान यांनी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात लॉस ॲलॅमॉस येथे विकसित केली. आजच्या क्रीडा-सदृशीकरणांना पत्त्यांच्या खेळांतील कल्पना व ही गणिती पद्धती या दोन्हींचा वारसा लाभला आहे.

महाजालाच्या प्रसारानंतर हजारो व्यक्तींनी एकाच स्पर्धाव्यवस्थेत भाग घेणे शक्य झाले. १९९७ मध्ये स्वीडनमध्ये सुरू झालेला हॅट्रिक हा फुटबॉलवर आधारित खेळ या प्रकारातील एक आद्य खेळ मानला जातो. बास्केटबॉलमध्ये २००७ साली सुरू झालेला बझरबीटर व अमेरिकन महाविद्यालयीन स्पर्धांवर बेतलेला हूप्स डायनॅस्टी हे खेळ उल्लेखनीय आहेत. बझरबीटरमध्ये प्रत्येक खेळाडूचे उडी घेऊन फेक, फेकीचा पल्ला, बाहेरील बचाव, चेंडूवरील नियंत्रण, मुसंडी, पास, टोपलीजवळील फेक, आतील बचाव, रिबाउंड व फेक अडविणे असे दहा प्रमुख गुणविशेष मोजलेले असतात. त्यांशिवाय दमसास, मुक्त फेक व अनुभव यांचाही विचार केला जातो. हूप्स डायनॅस्टीमध्ये ट्रँगल, मोशन, फ्लेक्स व फास्ट ब्रेक या आक्रमणपद्धतींतून आणि व्यक्तिगत बचाव, विभागीय बचाव व संपूर्ण मैदानावरील दडपण या बचावपद्धतींतून निवड करावयाची असते.

ताब्याचे गणित : योजना आखण्यासाठी प्रथम सामन्याचा हिशेब मांडण्याचे योग्य एकक निश्चित करावे लागते. वेळ हे एकक येथे फारसे उपयोगी नाही. कारण काही संघ जलद, तर काही संथ खेळतात. चेंडूचा ताबा हे अधिक सोयीचे एकक होय. एका संघाकडे चेंडू आल्यापासून तो दुसऱ्या संघाकडे जाईपर्यंतचा खेळ म्हणजे एक ताबा. फेक यशस्वी झाली, चेंडू गमावला किंवा हुकलेल्या फेकीचा चेंडू प्रतिस्पर्ध्याने मिळविला, की ताबा संपतो व चेंडू दुसऱ्या संघाकडे जातो. यामुळे सामन्याअखेर दोन्ही संघांच्या ताब्यांची संख्या जवळजवळ समान भरते. अर्थात, जो संघ प्रत्येक ताब्यामागे अधिक गुण मिळवितो तो जिंकतो. ताब्यांची संख्या प्रत्यक्ष नोंदलेली नसल्यास मैदानी फेकींच्या संख्येतून आक्रमक रिबाउंड वजा करून त्यांत चेंडू गमावल्याच्या वेळा व मुक्त फेकींची सु. ०·४४ पट मिळविली असता ती अदमासे काढता येते.

ताब्यामागील गुणांचे विश्लेषण अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ डीन ऑलिव्हर यांनी बास्केटबॉल ऑन पेपर (२००४) या ग्रंथात चार घटकांत केले आहे. फेकींची परिणामकारकता, चेंडू गमावण्याचे प्रमाण, रिबाउंड व मुक्त फेकी हे ते घटक असून त्यांचे सापेक्ष महत्त्व अनुक्रमे सु. ४०, २५, २० व १५ टक्के मानले जाते. फेकींची परिणामकारकता मोजताना तीन गुणांची यशस्वी फेक दोन गुणांच्या यशस्वी फेकीच्या दीडपट धरतात. उदा., दोन गुणांच्या १०० फेकींपैकी ५० यशस्वी झाल्यास १०० गुण होतात, तर तीन गुणांच्या १०० फेकींपैकी ३५ यशस्वी झाल्या, तरी १०५ गुण होतात. केवळ यशाची टक्केवारी पाहणारा मार्गदर्शक यातील दुसऱ्या प्रकारच्या संघाला दुबळा समजण्याची चूक करतो.

आक्रमणाची निवड : आक्रमणपद्धतीत दोन गोष्टी ठरतात. एक, फेकी टोपलीजवळून की दूरवरून घेतल्या जाव्यात. व दुसरी, खेळाची गती किती असावी. बझरबीटरमधील ‘लो पोस्ट’ ही पद्धती संथ व टोपलीजवळच्या खेळावर भर देणारी आहे. ‘रन अँड गन’ वेगवान व बाहेरून फेकी घेणारी आहे. ‘प्रिन्स्टन’ ही बाहेरील फेकींवर भर देणारी पण संथ पद्धती आहे. ही नावे प्रत्यक्ष बास्केटबॉलमधून घेतलेली आहेत. प्रिन्स्टन पद्धती त्या विद्यापीठाचे मार्गदर्शक पीट कॅरिल यांच्यामुळे प्रसिद्धीस आली. १९९६ च्या राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धेत त्यांच्या संघाने आदल्या वर्षीच्या विजेत्या यूसीएलए संघाचा ४३–४१ असा पराभव केला. संयमाने पास देत राहणे व बचावपटू चेंडूकडे धावला, की त्याच्या पाठीमागून टोपलीकडे धाव घेणे, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य होय. ट्रँगल पद्धतीचा पुरस्कार टेक्स विंटर यांनी केला व फिल जॅक्सन यांच्या मार्गदर्शनाखाली शिकागो बुल्स संघाने १९९१ ते १९९३ आणि १९९६ ते १९९८ या काळात तिच्या आधारे सहा अजिंक्यपदे मिळविली.

सदृशीकरणात नामांकित पद्धती निवडल्याने संघ आपोआप बलवान होत नाही. आज्ञावली त्या पद्धतीला लागणारे गुणविशेष खेळाडूंच्या ठिकाणी शोधते. उंच व टोपलीजवळ कुशल असे सेंटर असले, तरी त्यांच्यापर्यंत चेंडू पोहोचविणारे गार्ड पास देण्यात कच्चे असतील, तर आतील आक्रमण खुंटते. उलटपक्षी, बाहेरून अचूक फेक करणारे खेळाडू असूनही त्यांचा पल्ला कमी असेल, तर तीन गुणांच्या रेषेबाहेरून त्यांचा प्रभाव पडत नाही. सबंध संघाची सरासरी काढून पद्धती ठरविणे म्हणूनच फसवे ठरते. ज्या तीन-चार खेळाडूंच्या हातून बहुतेक फेकी होणार असतील, त्यांच्या गुणविशेषांना अधिक महत्त्व द्यावे लागते. तसेच चेंडू सर्वांत कुशल खेळाडूकडेच वारंवार गेल्यास त्याला अधिकाधिक अवघड फेकी घ्याव्या लागतात व त्याची परिणामकारकता घटते. त्याच्या वाट्याची शेवटची फेक आणि दुय्यम खेळाडूची सोपी फेक यांतून मिळणारे गुण समान होतील, इथपर्यंतच त्याच्यावर भार टाकणे योग्य ठरते.

बचावाची निवड : व्यक्तिगत बचावात प्रत्येक खेळाडू आपल्या समोरच्या खेळाडूवर लक्ष ठेवतो, विभागीय बचावात तो मैदानाच्या विशिष्ट भागाचे रक्षण करतो. विभागीय बचावाचे २–३, ३–२ व १–३–१ असे प्रकार असून त्यांतील आकडे टोपलीपासून दूर असलेल्या रांगेपासून मोजतात. २–३ रचनेत टोपलीजवळ तीन खेळाडू असल्याने आतील आक्रमणाला अटकाव होतो, परंतु बाहेरील फेकी मोकळ्या सुटतात. ३–२ रचनेत स्थिती याच्या उलट असते. चार खेळाडूंनी चौकोनी रचना करावयाची व पाचव्याने प्रतिस्पर्ध्याच्या प्रमुख खेळाडूचा सतत पाठलाग करावयाचा, या प्रकाराला ‘बॉक्स अँड वन’ म्हणतात. २०१९ च्या नॅशनल बास्केटबॉल असोसिएशनच्या अंतिम मालिकेत टोराँटो रॅप्टर्स संघाने स्टीफन करी या गोल्डन स्टेट वॉरिअर्स संघाच्या खेळाडूविरुद्ध तो वापरल्याने व्यावसायिक स्पर्धांत क्वचितच दिसणाऱ्या या रचनेकडे पुन्हा लक्ष वेधले गेले.

व्यक्तिगत बचावात कोणताही भाग ठरवून मोकळा सोडलेला नसतो. मात्र एकेका जोडीतील उणीव उघडी पडते. विभागीय बचाव अशी उणीव झाकतो व त्याची किंमत दुसऱ्या भागात मोजतो. म्हणून प्रतिस्पर्ध्याच्या हेतूविषयी खात्री नसताना व्यक्तिगत बचाव आणि पुरेसा पुरावा हाती असताना विभागीय बचाव, हा सामान्य संकेत उपयुक्त ठरतो. संपूर्ण मैदानावर दडपण आणल्यास प्रतिस्पर्धी चेंडू अधिक वेळा गमावतो. तथापि आपले खेळाडू लवकर थकतात व फाउल वाढतात. राखीव खेळाडू कमकुवत असणाऱ्या संघाने हा मार्ग जपूनच धरावा लागतो.

अंदाज व प्रतिअंदाज : बचावाची निवड प्रतिस्पर्ध्याच्या आक्रमणावर व त्याचे आक्रमण आपल्या बचावावर अवलंबून असते, आणि दोघेही आपले पत्ते एकाच वेळी उघडतात. अशा प्रसंगांचा विचार द्यूत सिद्धांत अथवा खेळ सिद्धांत या गणितशाखेत केला जातो. १९२८ मध्ये फोन नॉयमान यांनी दोन पक्षांच्या शून्य-बेरीज खेळासाठी सिद्ध केलेले प्रमेय येथे लागू पडते. पुढील काल्पनिक आकड्यांवरून ते स्पष्ट होईल. समजा, आतील आक्रमणाविरुद्ध आतील बचाव असताना प्रत्येक ताब्यामागे ०·९० गुण व बाहेरील बचाव असताना १·१० गुण मिळतात. बाहेरील आक्रमणाविरुद्ध आतील बचाव असताना १·१५ व बाहेरील बचाव असताना ०·९५ गुण मिळतात. आक्रमकाने नेहमी एकच मार्ग धरला, तर बचावकर्ता त्याला अडवील. परंतु निम्म्या सामन्यांत आतून व निम्म्या सामन्यांत बाहेरून आक्रमण केल्यास बचाव कोणताही असो, सरासरी १·०२५ गुण मिळतात. बचावकर्त्याने दर आठ सामन्यांपैकी तीनमध्ये आतील व पाचमध्ये बाहेरील बचाव केल्यास त्यालाही आक्रमकाला याच मर्यादेत रोखता येते. चुकीचा आतील बचाव सर्वांत महाग पडत असल्यामुळे बाहेरील बचावाचे प्रमाण अधिक निघते.

या समतोलापासून ढळणाऱ्यास किंमत मोजावी लागते. वरील उदाहरणात आक्रमक १० पैकी ८ सामन्यांत आतूनच खेळतो असे लक्षात आल्यास बचावकर्ता कायम आतील बचाव करील. मग आक्रमकाचे उत्पन्न ०·९५ पर्यंत खाली येईल. ८० ताब्यांच्या सामन्यात हा तोटा ६ गुणांचा होतो. याच कारणाने प्रतिस्पर्ध्याच्या मागील सामन्यांचे अवलोकन हा योजनेचा आवश्यक भाग असतो. बझरबीटरमध्ये प्रतिस्पर्ध्याच्या खेळाची गती व आक्रमणाचा रोख यांविषयी आधी अंदाज नोंदविण्याची सोय आहे. तो बरोबर आल्यास लाभ व चुकल्यास हानी होते. अर्थात, मागील सामने दोन्ही बाजूंना दिसत असतात. आपला इतिहास वाचला जात आहे याची जाणीव ठेवून तो अधूनमधून बदलत ठेवणे हे अनुभवी मार्गदर्शकाचे लक्षण होय. मात्र ज्या संघाची बलस्थाने एकाच बाजूची आहेत, त्याला असा बदल परवडत नाही. त्याचा हेतू ओळखला गेला, तरी तोच मार्ग त्याला अधिक फलदायी ठरू शकतो. अंदाज बांधताना ‘प्रतिस्पर्धी काय करतो’ याबरोबरच ‘त्याला काय करणे शक्य आहे’ हेही तपासावे लागते.

गतीचा प्रश्न : दुर्बल संघाने खेळ संथ करावा, हा बास्केटबॉलमधील जुना विचार आहे. २२ नोव्हेंबर १९५० रोजी मिनीॲपोलिस येथे फोर्ट वेन पिस्टन्स संघाने जॉर्ज मायकन यांच्या बलाढ्य मिनीॲपोलिस लेकर्स संघाविरुद्ध चेंडू दीर्घकाळ आपल्याकडेच ठेवून १९–१८ असा विजय मिळविला. नॅशनल बास्केटबॉल असोसिएशनच्या इतिहासातील ही सर्वांत कमी गुणसंख्या होय. अशा रटाळ खेळामुळे प्रेक्षक दुरावू लागले, तेव्हा सिरॅक्यूस संघाचे मालक डॅनी बायसोन यांच्या पुढाकाराने १९५४ मध्ये २४ सेकंदांत फेक करण्याचे बंधन घालण्यात आले. ४८ मिनिटांचे २,८८० सेकंद व चांगल्या सामन्यातील दोन्ही संघांच्या मिळून सु. १२० फेकी यांच्या भागाकारातून हा आकडा निघाला.

संथ खेळाने ताब्यांची संख्या घटते व योगायोगाला अधिक वाव मिळतो. समजा, बलवान संघ प्रत्येक ताब्यामागे सरासरी १·१० व दुर्बल संघ १·०० गुण मिळवितो आणि एका ताब्यातील गुणांचे प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीच्या चढउतारांचे माप, सु. १·१८ आहे. दोन्ही संघांना प्रत्येकी १०० ताबे मिळाल्यास अपेक्षित फरक १० गुणांचा व फरकाचे प्रमाण विचलन सु. १६·७ गुणांचे होते. दुर्बल संघ १०० पैकी सु. २७ सामने जिंकतो. ताबे ६० वर आणल्यास अपेक्षित फरक ६ गुणांचा व प्रमाण विचलन सु. १२·९ गुणांचे होते. त्याच्या विजयांची संख्या सु. ३२ होते. हा लाभ खरा असला, तरी माफक आहे. संथ पद्धती संघाला मानवत नसल्याने त्याचे उत्पन्न १·०० वरून ०·९५ वर आले, तर विजयांची संख्या सु. २४ पर्यंत, म्हणजे मूळ स्थितीपेक्षाही खाली जाते. सर्वमान्य सूत्राचा अवलंब करण्यापूर्वी ते आपल्या खेळाडूंना लागू पडते की नाही, हे पाहणे किती आवश्यक आहे, हे यावरून दिसून येते.

खेळाडूंची निवड व प्रयत्नांची काटकसर : योजनेचा विचार एका सामन्यापुरता मर्यादित ठेवून चालत नाही. खेळाडूंना मिळालेल्या मिनिटांचा परिणाम त्यांच्या प्रशिक्षणावर व शारीरिक सज्जतेवर होतो. प्रमुख खेळाडूला प्रत्येक सामन्यात अखेरपर्यंत खेळविल्यास तो थकतो. फारच कमी खेळविल्यास त्याची सज्जता ढासळते. म्हणून आठवड्यातील सर्व सामन्यांच्या मिनिटांचे वाटप एकत्रित करणे हितावह असते. राखीव खेळाडू निवडताना ते किती गुण मिळवितील यापेक्षा त्यांच्यामुळे मूळ रचना किती बिघडेल, याचा विचार अधिक महत्त्वाचा ठरतो.

बझरबीटरमध्ये प्रयत्नांच्याही तीन पातळ्या आहेत. निकराच्या प्रयत्नाने त्या सामन्यातील कामगिरी सुधारते, पण संघाचा उत्साह खर्ची पडतो. सौम्य प्रयत्नाने उत्साह साठतो. हा साठा कोठे खर्च करावा, हा वाटपाचा प्रश्न आहे. समजा, एका संघाला बलाढ्य, तुल्यबळ व दुबळ्या अशा तीन प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध सामान्य प्रयत्नाने विजयाची शक्यता अनुक्रमे २०, ५० व ८५ टक्के आहे. निकराच्या प्रयत्नाने ती ३०, ६८ व ९० टक्के आणि सौम्य प्रयत्नाने १२, ३५ व ७८ टक्के होते. एका निकराच्या प्रयत्नासाठी एक सौम्य प्रयत्न करावाच लागतो, असे धरू. तिन्ही सामने सामान्य प्रयत्नाने खेळल्यास सरासरी १·५५ विजय मिळतात. बलाढ्य संघाविरुद्ध निकर व दुबळ्या संघाविरुद्ध सौम्य प्रयत्न केल्यास १·५८, तर तुल्यबळ संघाविरुद्ध निकर व दुबळ्या संघाविरुद्ध सौम्य प्रयत्न केल्यास १·६६ विजय मिळतात. पारडे समतोल असते तेथे थोडेसे वजनही निर्णायक ठरते. नामांकित प्रतिस्पर्ध्याविरुद्ध सर्वस्व पणास लावण्याचा मोह त्यामुळे बहुधा तोट्याचा ठरतो. एकच पराभव स्पर्धेतून बाद करणारा असेल, तर मात्र हा हिशेब बदलतो.

योजनेचे मूल्यमापन : सामना संपल्यावर योजना बरोबर होती की चूक, हे ठरविणे वरकरणी सोपे, पण वस्तुतः सर्वांत अवघड काम आहे. तीन गुणांच्या फेकीत दीर्घकाळ ३५ टक्के यश मिळविणाऱ्या संघाने एका सामन्यात अशा २० फेकी घेतल्यास सरासरीने ७ यशस्वी होतात. तथापि चार सामन्यांपैकी सु. तीन सामन्यांतच त्यांची संख्या ५ ते ९ यांच्या दरम्यान राहते. उरलेल्या एका सामन्यात ती त्याहूनही कमी वा अधिक असते. ५ व ९ यांमधील अंतरच १२ गुणांचे आहे व पुष्कळ सामन्यांचा निकाल त्याहून कमी फरकाने लागतो. अशा स्थितीत एका पराभवावरून योजना टाकून देणे, अथवा एका विजयावरून तिला अचूक ठरविणे, या दोन्ही गोष्टी सारख्याच चुकीच्या होत.

म्हणून मूल्यमापन निकालापासून वेगळे ठेवतात. संघाला कोणत्या प्रकारच्या फेकी मिळाल्या व त्या किती मोकळ्या होत्या, चेंडू किती वेळा गमावला, हुकलेल्या फेकींपैकी किती रिबाउंड मिळाले व नियोजित मिनिटे प्रत्यक्षात आली का, हे प्रश्न प्रथम विचारावे लागतात. चांगल्या फेकी मिळूनही त्या हुकल्या असतील, तर योजना राखावी. वाईट फेकी योगायोगाने यशस्वी झाल्या असतील, तर विजयानंतरही ती बदलावी. सामन्यापूर्वी आपला अंदाज व त्याची कारणे लिहून ठेवणे हा यावरील उत्तम उपाय होय. निकाल कळल्यानंतर आपल्याला तो आधीच ठाऊक होता असे वाटू लागणे, हा मनुष्यस्वभाव आहे. लेखी नोंद त्याला आळा घालते. अनेक सामन्यांच्या नोंदी एकत्र केल्यावरच योजनेतील खरा दोष योगायोगापासून वेगळा काढता येतो.

मर्यादा व महत्त्व : सदृशीकरणातील बास्केटबॉल म्हणजे आज्ञावली लिहिणाऱ्याची बास्केटबॉलविषयीची कल्पना असते. सूत्रांत न बसविलेल्या गोष्टी तेथे घडू शकत नाहीत. खेळाडूंचे परस्परांवरील प्रेम वा राग, प्रतिस्पर्ध्याची चाल पाहून ऐन वेळी सुचलेली युक्ती, मार्गदर्शकाच्या दोन शब्दांनी आलेला धीर यांचा समावेश फार तर एखाद्या ढोबळ अंकाच्या रूपाने होतो. काही मार्गदर्शक खेळाचा विचार सोडून आज्ञावलीतील उणिवा शोधण्यात गुंततात. त्यांनी शोधलेल्या क्लृप्त्या प्रत्यक्ष मैदानावर निरुपयोगी असतात व आज्ञावलीत सुधारणा होताच सदृशीकरणातही निरुपयोगी होतात. अशा खेळातील यशावरून कोणी प्रत्यक्ष संघाचा मार्गदर्शक होण्यास पात्र ठरत नाही.

असे असले, तरी एका बाबतीत हे सदृशीकरण प्रत्यक्ष खेळापेक्षा अधिक स्पष्ट शिकवण देते. मैदानावर पराभवाचे खापर पंचांवर, दुखापतीवर किंवा एखाद्या खेळाडूच्या चुकीवर फोडता येते. येथे दोनच गोष्टी उरतात : आधी घेतलेला निर्णय व त्यानंतरचा योगायोग. निर्णय मार्गदर्शकाच्या हातात असतो, योगायोग नसतो. या दोहोंतील सीमारेषा ओळखून पहिल्याची जबाबदारी पूर्णपणे स्वीकारणे व दुसऱ्याने विचलित न होणे, ही सवय शेती, व्यापार, वैद्यक इ. ज्या ज्या क्षेत्रांत अपुऱ्या माहितीवर वेळेत निर्णय घ्यावे लागतात, तेथेही उपयोगी पडणारी आहे. सामना-योजनेच्या अभ्यासाला करमणुकीपलीकडचे मूल्य प्राप्त होते, ते या कारणाने.